फ्लेक्समागचा दिवा

माझे सासरे आबाराव, आम्ही त्यांना मामा म्हणतो, रोज दिवस मावळताना एकच शब्द बोलतात. "लागला." ओट्यावर बाज टाकलेली असते, एक पाय लांब केलेला असतो, दुसऱ्यात सळई आहे म्हणून तो लांबच राहतो, आणि नजर हायवेकडं असते. फाट्यावरचा पिवळा ब्लिंकर लुकलुकायला लागला की ते म्हणतात, "लागला," आणि मी आतून म्हणते, "बरं झालं." मगच ते चहाला तोंड लावतात. एखाद्या दिवशी मी "बरं झालं" म्हणायला विसरले तर पुन्हा मोठ्यानं म्हणतात. त्यापेक्षा लहान पोरांचे हट्ट परवडले. अंगणवाडीत दिवसभर तेच पुरवते, म्हणून सांगते.

आमची वस्ती अणदूरच्या अलीकडं, हायवेला लागून आहे. रस्ता चौपदरी झाला तेव्हा मला आनंद झाला होता, पण नंतर कळलं की आमची घरं रस्त्याच्या एका अंगाला आणि शेतं दुसऱ्या अंगाला गेलीत. नळदुर्गकडून येणारी गाडी उतारावरून सुसाट येते, आणि वळण संपतं न संपतं तोच आमचा फाटा येतो. दोन वर्षांपूर्वी मामांना तिथंच टेम्पोनं उडवलं. जीव वाचला, पाय तेवढा कामातून गेला. तेव्हापासून मी त्या दिव्याच्या मागे हात धुऊन लागले. रस्त्याचं काम बघणाऱ्या माणसाला इतके फोन केले की त्यानं माझा नंबर 'कटकट अंगणवाडी' या नावानं ठेवला होता. दिवा लागला त्या दिवशी त्यानंच मला हसत हसत फोनवरचं ते नाव दाखवलं. मीही हसले. दिवा मिळत असेल तर कटकट म्हणून घ्यायला माझी ना नाही.

खांब उभा राहिला तेव्हा रस्त्यापलीकडची हरणाबाई आली आणि तिनं खांबाला भंडारा लावला. हरणाबाई मेंढपाळ आहे. दर हिवाळ्यात मुलगा शिवशंकर, सून करिश्मा आणि मेंढरं घेऊन ती पलीकडच्या माळावर उतरते. त्यांच्या पालावर आणि कोकरं कोंडायच्या कुडावर जुने फ्लेक्स अंथरलेले असतात. निवडणूक झाली की लोक टाकून देतात, ते ही माणसं उचलून आणतात. पुढाऱ्यांची तोंडं उलटीसुलटी वर, आणि खाली कोकरं. आम्ही बौद्ध, आमच्या घरात भंडारा येत नाही. पण त्या दिवशी मी काही बोलले नाही. माझा दिवा तिलाही आपला वाटतोय याचं मला बरंच वाटलं. उलट मीच तिला समजावून सांगितलं, "हरणाबाई, हे लुकलुकायला लागलं की गाडीवाला हळू हुतो. तवाच मेंढरं घालायची. दिवा न्हाय तर ओलांडायचं न्हाय." अंगणवाडीच्या बाई ना मी. एकदा सांगून माझं भागत नाही, म्हणून तिच्याकडून म्हणून घेतलं.

तर त्या दिवशी, संक्रांत नुकतीच झाली होती, दिवस मावळला आणि मामा म्हणाले, "लागला न्हाय."

मी पिठात होते. दुसऱ्या दिवशी माझी लेक चैताली लातूरहून येणार होती. पोलीस भरतीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. वस्तीतली पहिली मुलगी. तिच्या स्वागताला सगळी वस्ती लागलेली, जेवण होतं, निळा गुलाल होता, डीजे होता. नवरा राजपाल एसटीवर ड्रायव्हर, तो पुण्याच्या गाडीवर अडकलेला, म्हणून सगळं माझ्या डोक्यावर. दिव्याला आज वेळ नव्हता.

"लागंल मामा, उजेड हाय अजून," मी म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा, "लागला न्हाय गं."

"ढग असतील."

"ढगाचा काय संबंध? काल लागला, परवा लागला. तिथं कायतरी पांढरं दिसायलंय. बघ की."

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांना पांढरं कुठंही दिसतं. मी पोळपाट ठेवला आणि दारात आले. रस्त्याच्या कडेला ज्वारीवरून अंधार उतरत होता, गाड्यांचे दिवे उतारावरून घरंगळत येत होते, आणि फाट्याच्या जागी जी पिवळी उघडझाप रोज दिसायची ती नव्हती. पलीकडच्या लेनला दुसरा खांब आहे, पण त्याचं तोंड तिकडच्या गाड्यांकडं, तो आम्हाला दिसत नाही. मी रस्त्याच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, सोलर हाय, आपोआप लागतो." मी म्हणाले, "आपोआप लागला न्हाय म्हणूनच फोन केलाय." तो म्हणाला, उद्या माणूस पाठवतो.

उद्या! घरात येऊन मी पुन्हा लाटणं हातात घेतलं. एक पोळी लाटली, ती फाटली. दुसरी लाटली, ती तव्यावर टाकून पुन्हा दारात आले. परत गेले तर पोळीचा कोळसा. अशा वेळी माझ्या पायांत भिंगरी बसते. लग्नाआधीपासून तशी आहे, आई म्हणायची हिला एका जागी बांधून ठेवा. शेवटी गॅस बंद केला, मोबाईल घेतला आणि निघाले.

"कुठं?" मामा म्हणाले.

"तुमचा दिवा लावायला!"

ज्वारीच्या कडेनं पायवाट आहे. उसाची एक ट्रॉली चालली होती, मागे ना लाल दिवा ना चमकपट्टी, जवळ येईपर्यंत दिसलीसुद्धा नाही. मी मनातल्या मनात त्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत फाट्यावर पोचले आणि वर बघितलं.

वर माझी चैताली होती.

हा एवढा मोठा फ्लेक्स. बांबूची चौकट करून ब्लिंकरच्या खांबाला बांधलेला, नळदुर्गकडून येणाऱ्याला समोरच दिसेल असा. वरच्या अंगाला बुद्ध, बाबासाहेब आणि सावित्रीबाई. खाली वस्तीतल्या सगळ्या पोरांचे गोल गोल फोटो. आणि मधोमध चैताली, पोलिसाच्या वर्दीत. अजून तिचं ट्रेनिंगसुद्धा झालेलं नाही, पण माझ्या पुतण्यानं, प्रसेनजितनं, कॉम्प्युटरवर तिला वर्दी घातली होती, आणि घालतोच आहोत तर म्हणून खांद्यावर फौजदाराचे दोन तारेही दिले होते. 'वस्तीची वाघीण.' दुपारी मी अंगणवाडीत आणि मामा झोपेत असताना पोरांनी बांधला असणार.

खोटं कशाला बोलू, आधी मला रडू आलं. रस्त्यानं येणारीजाणारी सगळी दुनिया माझ्या पोरीला बघणार होती. मी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं, तेव्हा चैतालीचं कपाळ हळूच उजळलं. विझलं. पुन्हा उजळलं. आतल्या आत मेणबत्ती ठेवावी तसं. दिवा बंद नव्हता. माझा दिवा माझ्या पोरीच्या तोंडामागे लुकलुकत होता आणि चार पावलं मागे सरकलं की काहीच दिसत नव्हतं.

शेजारून एक कार गेली. जराही हळू झाली नाही. वाऱ्यानं फ्लेक्स फुगला आणि माझी साडी गुडघ्यांना गुंडाळली.

तेव्हा मला मेंढरांचा आवाज आला. खांबाच्या खालच्या चारीत हरणाबाई उभी होती. तिच्या मागे मेंढरं दाटीवाटीनं उभी, आणि त्यांच्या मागे शिवशंकर, दोन्ही हात पसरून, एकही मेंढी वर चढू नये म्हणून. रस्त्याच्या पलीकडून कोकरांचं ओरडणं येत होतं. दिवसभर चरून आलेल्या मेंढ्यांच्या कासा भरलेल्या, आणि पलीकडं पोरं भुकेली. प्रत्येक मेंढी आपल्या कोकराचा आवाज ओळखून रस्त्याकडं धडपडत होती.

"हरणाबाई, कवापासून उभ्या हाव?"

"दिस मावळायच्या आदीपासून."

"मग दिवसाउजेडी का न्हाय घातली मेंढरं?"

"दिवा न्हाय तर ओलांडायचं न्हाय. तुमीच सांगितलंय की बाई."

दिवसा दिवा लागतच नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं. रोज ती पहाटे दिवा चालू असतानाच जायची आणि दिवस बुडाल्यावरच परतायची म्हणून प्रश्नच आला नव्हता. आज कोकरांसाठी लवकर आली आणि लवकर येऊन अडकली.

"अवो पण हा फ्लेक्स बांधत हुती पोरं, तवा तुमी इथंच चारत हुता ना? सांगायचं न्हाय का, दिवा झाकायलाय म्हणून?"

हरणाबाईनं शिवशंकरकडं बघितलं. शिवशंकरनं मेंढरांकडं.

"तुमच्या पोरीचा फोटो," ती म्हणाली. "वर तुमचे सायेब. आमी काय म्हणावं?"

पलीकडून करिश्मा ओरडली, "आत्या, कोकरं कुडाला धडका मारायलीत!" आणि त्या आवाजासरशी एक मेंढी शिवशंकरच्या हाताखालून निसटून थेट डांबरावर गेली. ट्रकनं हॉर्न वाजवला तो अजून माझ्या कानात आहे. शिवशंकरनं झेप घालून तिचा मागचा पाय धरला आणि ओढून आणली. ट्रक तसाच गेला. त्याची हवा आम्हा तिघांच्या तोंडावर आली.

मी मोबाईलची बॅटरी लावली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवायला लागले. गाडीवाल्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. एकानं लिफ्ट मागतेय समजून काच खाली केली, पुढं जाऊन पुन्हा वर केली. दुसरा इतक्या जवळून गेला की शिवशंकर ओरडला, "बाई, मागं या!" एवढीशी मोबाईलची टिकली बघून उतारावरची गाडी थांबणार नाही, हे मला कळत होतं, तरी मी हात हलवत होते. नुसतं उभं राहणं मला जमत नाही.

मग फ्लेक्स सोडवायला गेले. प्रसेनजितचं काम पक्कं. दुसरं कुठलं काम त्यानं इतकं पक्कं केलेलं मला आठवत नाही. बाइंडिंगची तार, तीही पकडीनं पिळलेली. बोटं सोलली, पण गाठ हलेना. मी त्याला फोन लावला. तो नळदुर्गला डीजे बघायला गेला होता. पलीकडं एवढा धडधडाट की मला माझाच आवाज ऐकू येईना.

"काकी! बघितला का फ्लेक्स? आवडला का?"

"अरे फ्लेक्स काढा आधी! दिवा झाकलाय!"

"काय?"

"फ्लेक्स काढ म्हणते! न्हायतर फाडते मी!"

"फ्लेक्स काय? फाडला? कुणी फाडला?"

"आरं फाडला न्हाय..." आणि फोन कट. पुन्हा लावला तर उचलेना.

आता फाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण दिवा उंचावर, माझा हात चैतालीच्या पट्ट्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. हरणाबाईच्या हातात आकडी होती, बाभळीच्या शेंगा पाडतात ती, लांब बांबू आणि टोकाला विळ्याचं पातं.

"हरणाबाई, ती आकडी द्या."

ती हलली नाही.

"आकडी द्या म्हणते. वर पोचायला पायजे."

"बाई, दुसरं कायतरी बघा."

"अवो काठीच मागायले, सोनं मागायले व्हय? तुमचीच मेंढरं मरायलीत!"

तिनं आकडी दिली. पण कशी दिली? माझा हात पुढं केलेला असताना तिनं ती खाली ठेवली, मातीत, आणि दोन पावलं मागे सरकली.

माझं डोकं सणकलं. वस्तू हातात न देता खाली ठेवायची आणि समोरच्यानं ती उचलायची, याचा अर्थ आमच्या माणसांना कुणी समजावून सांगायला नको. माझी आजी असं खाली ठेवलेलं उचलत उचलत वाकली. वाटलं, बघा, एवढी वर्षं हिच्या नातवंडांना लस पाजली, हिच्या सुनेचं बाळंतपण निभावलं, आणि अंधार पडल्यावर ही जातीवर गेली. मी तिला म्हणाले, "हातात द्यायला काय झालं? इटाळ हुतो का?"

हरणाबाई पदराचं टोक तोंडाशी धरून उभी राहिली. मी ती आकडी उचलली ती रागानंच.

वर बघितलं. फ्लेक्सच्या वरच्या भागाला पातं लावायचं नाही, हे ठरलेलंच होतं. तिथं बुद्ध, बाबासाहेब, सावित्रीबाई. त्यांना ओरखडा गेला तर वस्ती पेटेल, आणि त्यात मीच पहिली असेन. दिवा होता तो बरोबर चैतालीच्या भुवयांमध्ये. दुसरी जागाच नव्हती. हे मला फार जड गेलं. प्लास्टिक आहे, शाई आहे, सगळं कळतं, पण पात्याचं टोक पोरीच्या कपाळावर टेकवून मी एकदा मागे घेतलं, मग पुन्हा टेकवलं. मी तिला मोठ्यानं म्हणाले, "चैते, डोळे मीट," आणि ओढलं.

फ्लेक्स कर्रकन फाटला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, मग आडवा. तोंडाचा तुकडा लोंबला, वाऱ्यानं सुटला आणि खाली पडला. आणि दिवा बाहेर आला. पिवळा धमक. उघड, मिट, उघड, मिट. उतारावरून येणाऱ्या जीपनं वळणावरच ब्रेक दाबला, तिच्या मागच्या ट्रकनंही.

"घाला मेंढरं!" मी ओरडले आणि आकडी टाकून दिली. शिवशंकरनं ती उचलून मेंढरांच्या कडेला आडवी धरली आणि कळप डांबरावर चढला. अर्धी मेंढरं दुभाजकाच्या मोकळ्या जागेपर्यंत पोचली असतील, तेवढ्यात नळदुर्गच्या बाजूनं मोटारसायकली आल्या. प्रसेनजित आणि त्याची पोरं. त्यांना लांबूनच काय दिसलं असेल, मी आता सांगू शकते. फाटलेला फ्लेक्स, पोरीचं तोंड नाही, आणि त्याच्याखाली मेंढक्याच्या हातात पातं लावलेली काठी.

प्रसेनजितनं गाडी चालू असतानाच टाकली आणि शिवशंकरची कॉलर धरली.

"आमच्या पोरीचा फ्लेक्स फाडतो? तुजी एवढी मजल?"

"प्रसेनजित, सोड त्याला! म्या फाडलाय!"

"काकी, तू मधी पडू नगंस."

"अरे म्याच फाडलाय! दिवा झाकला हुता तुमी!"

"तूच फोनवर सांगितलंस, फाडला म्हणून. आता ह्यांना वाचवायला बोलायलीस? आई कवा लेकीचं तोंड फाडती व्हय?"

आणि त्याच्या मागची पोरंही तेच बोलायला लागली. मी काय सांगतेय ते कुणाच्या कानातच शिरेना. मला सगळे ओळखतात, मी त्यातल्या निम्म्यांना अंगणवाडीत खिचडी भरवलीय, आणि एकजण माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. शिवशंकरची कॉलर दुसऱ्याच्या हातात आणि हा मान वळवून मेंढरांकडं बघतोय. मग मी बघितलं हरणाबाईकडं. ती अजून तिथंच होती, जिथं तिनं आकडी खाली ठेवली होती. तिच्या तोंडावर भीती होती, पण आश्चर्य अजिबात नव्हतं. हे असं होणार, हे तिला मघाशीच दिसलं होतं. म्हणूनच आकडी देईना. म्हणूनच माझ्या हातात दिली नाही. उद्या कुणी विचारलं तर तिला म्हणता यावं, आम्ही नाही दिली, तिनं उचलली. आणि मी तिला विटाळाचं बोलले होते.

मी पुढं झाले, शिवशंकरच्या हातातून आकडी हिसकली आणि फ्लेक्सवर चालवली. त्या सगळ्यांसमोर. उरलेली हनुवटी, गळा, वर्दी, ते दोन तारे, प्रसेनजितचा स्वतःचा गोल फोटो, सगळं उभं चिरत खाली आणलं.

"हं. आता दिसलं का, आई कशी फाडती?"

माझा फोन वाजत होता, तो मी कधी उचलला आणि कधी स्पीकरवर गेला मला माहीत नाही. मामांचा आवाज आला, "नंदा, लागला गं! लागला!"

"बरं झालं, मामा," मी म्हणाले.

प्रसेनजितनं कॉलर सोडली. हरणाबाई पहिल्यांदाच ओरडली, "अरं मेंढरं मधी हायत, मेंढरं!" तेव्हा सगळ्यांना शुद्ध आली. पोरांनी मोटारसायकली आडव्या लावल्या, दिवे चालू केले, हात वर करून उभी राहिली. मेंढरं पलीकडं गेली. कोकरं गप्प झाली ती एकदम, दूध तोंडात पडल्यावर होतात तशी.

मी हरणाबाईला काय म्हणावं याची जुळवाजुळव करत होते. ती वाकली, रस्त्याच्या कडेला पडलेला चैतालीच्या तोंडाचा तुकडा तिनं उचलला, पदरानं धूळ पुसली आणि घडी न घालता माझ्या हातात दिला. या वेळी हातात.

"पोरीचं तोंड हाय. पायाखाली यायला नगं."

"हरणाबाई, मघाशी मी तुमाला नको ते बोलले. चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या."

"हे तुमीच न्या. कुडावर टाका, कोकरांना आडोसा हुईल."

"नगं, नगं." ती दोन्ही हात मागे घेऊन म्हणाली. "आमच्या पालावर घावला तर उद्या कोन इचारंल, कसा आला म्हणून? इचारायच्या आदी मारत्याल."

ती गेली. मी तो तुकडा छातीशी धरून घरी आले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. उठत होते, दारात येत होते, दिवा बघत होते. दिवा लुकलुकत होता. तरी माझ्या जिवाला थारा नव्हता. मी जर पोळ्या करत घरात बसले असते आणि वाऱ्यानंच तो फ्लेक्स फाटला असता, तर? शिवशंकर आत्ता कुठं असता? सकाळी मी चैतालीची आई म्हणून फुलांचे हार घेत उभी राहिले असते आणि मला ते कधी कळलंसुद्धा नसतं.

सकाळी चैताली एसटीतून उतरली. खांबावर फ्लेक्स नव्हता. प्रसेनजितनं पहाटे पकड आणून तारा तोडल्या होत्या आणि वरचे फोटो नीट कापून समाजमंदिरात नेऊन ठेवले होते. डीजे वाजत होता, पण पोरं नाचताना एकमेकांकडं बघत नव्हती. चैतालीला निळ्या गुलालानं ओळखू येईना अशी करून टाकली. घरी आल्यावर तिनं तो तुकडा बघितला, ही काय भानगड म्हणून विचारलं, मी सांगितलं. फौजदाराच्या ताऱ्यांपर्यंत ती पोट धरून हसत होती. हरणाबाईचं शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा हसायची थांबली.

"चल," ती म्हणाली.

"कुठं? जेवायला बसायलीत माणसं."

"बसू दे. प्रसेनजितदादा, तूबी चल."

आम्ही रस्ता ओलांडून पालावर गेलो. मागे आणखी चारदोन पोरं आलीच. करिश्मा कोकरं कुडात घालत होती. चैतालीनं कुणाला काही न विचारता तो तुकडा कुडाच्या छपरावर पसरला, तोंड वर करून, आणि चारी बाजूंनी दगड ठेवले.

"हरणाआजी, हा मी आणून टाकलाय. आता कुणाच्या बापाची टाप न्हाय."

हरणाबाई बाहेर आली होती. तिनं छपराकडं बघितलं, पोरांकडं बघितलं, मग चैतालीकडं.

"तू जाशील ड्युटीवर," ती म्हणाली. "आमी इथंच हाव. लिव्हून दे."

"काय लिहून देऊ?"

"आमी न्हाय फाडला म्हणून."

माझ्या पर्समध्ये अंगणवाडीचा मार्कर होता. चैतालीनं तो घेतला, छपरावर वाकली आणि स्वतःच्या चिरलेल्या तोंडाच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं. हरणाबाईला वाचता येत नाही. ती म्हणाली, "वाचून दाव." चैताली वाचायला लागली तशी हरणाबाईनं हात वर केला.

"तू नगं," ती म्हणाली आणि प्रसेनजितकडं बोट केलं. "ह्यानं वाचावं."

प्रसेनजित पुढं झाला. मान खाली घालून त्यानं वाचलं, "हा फ्लेक्स माझ्या आईनं फाडला आहे. चैताली राजपाल सरवदे." शेवटी शेवटी त्याचा आवाज इतका बारीक झाला की काही ऐकूच आलं नाही. म्हणून हरणाबाईनं त्याला पुन्हा वाचायला लावलं, मोठ्यानं.